दोन तास वीस मिनिटं आधी

१

मंगळवारी सकाळी लोसा फालेआफाने फ्रीझरचा तिसरा खण तिसऱ्यांदा उपसला. हवी होती ती नमुन्याची नळी तिथे नव्हतीच, आणि जी होती ती असायला नको होती.

"मावशी, मी काही केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी अजून काही विचारलेलंही नाही," नायरी तुहोरो म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

नायरीने ऑकलंडच्या विमानतळावर बावीस वर्षं लोकांच्या बॅगा उघडल्या होत्या. मोज्यात लपवलेले आंबे आणि बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला सुका मासा काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. निवृत्तीनंतर घरी बसून नवऱ्याच्या चुका काढण्यापेक्षा तिने दवाखान्यातल्या संशोधनाच्या चुका काढायचं काम धरलं. नवरा सगळ्यांत जास्त खूश होता.

"मला अडाण्याला सांगतात तसं सांग," ती लोसाला म्हणाली. "आणि बस आधी. उभ्याने माणूस भलतंच बोलतो."

लोसा बसली. एकोणतीस वर्षांची ही सामोअन मुलगी, तिच्या आईने तिच्या पदवीचा फोटो चर्चमध्ये सगळ्यांना दोनदा दाखवलेला. आज तिचे डोळे सुजलेले होते.

"स्तनाच्या गाठीवर रेडिएशन दिलं की गाठीच्या आत काय बदलतं, ते आम्ही बघतो. जनुकं म्हणजे पाककृतींची वही समजा. वही आहे तशीच राहते. पण काही पानांना चिमटे लावलेले असतात. चिमटा लागला की ते पान उघडत नाही, तो पदार्थ होत नाही. किरण पडले की एका दिवसात काही चिमटे गळतात, काही नवे लागतात."

"बरं. आणि त्याने काय होतं?"

"चिमटे ठरलेल्या रीतीने हलले, तर गाठीला मार बसला. मग नुसती गाठ काढतात, स्तन राहतो. हलले नाहीत, तर गाठ हट्टी. मग सगळंच काढायचं."

"आणि या बाईचे?"

"हललेत, मावशी. अगदी पुस्तकात लिहावं तसे. पण किरणांच्या आधी."

नायरीने चष्मा लावून नळी पाहिली. चिठ्ठीवर छापलेला क्रमांक, खाली पेनाने तारीख आणि वेळ: सोळा मार्च, सकाळी आठ दहा. सही वाचता येत नव्हती. वाचता आली असती तर ती डॉक्टरची नसती.

"रेडिएशन सोळा तारखेलाच दिलं, पण साडेदहाला," लोसा म्हणाली. "नळी त्याच्या दोन तास वीस मिनिटं आधीची. नऊ तारखेची एक आधीची नळी आहेच, तिच्यात सगळं शांत. मग ही दुसरी कुठून आली? आणि सतरा तारखेला घ्यायची होती ती कुठे गेली? सगळे म्हणतात, मी खरी हरवली आणि भलतीच चिठ्ठी लावून ही ठेवली."

"मग पुन्हा एक तुकडा घ्या आणि बघा."

"चिमटे आठ-दहा दिवसांत जागेवर परततात. आज बारावा दिवस. आणि सर्जनबाईंनी कागद वाचून ठरवलंय की गाठ किरणांशिवायच रंग बदलतेय, म्हणजे फार वाईट जातीची. परवा सगळा स्तन काढणार."

"परवा?"

"गुरुवारी सकाळी आठला."

२

डॉ. कॅलम ब्रोडी हा या संशोधनाचा मुख्य. उंच, हाडकुळा माणूस, सँडविच हातात धरून खायला विसरणारा. एकोणचाळीस बायकांच्या आधी-नंतरच्या नळ्यांच्या जोड्या जुळल्या होत्या आणि चाळिसावीने त्याची झोप उडवली होती.

"नळ्यांची अदलाबदल?" नायरीने विचारलं.

"शक्य नाही. तपासणीच्या पट्टीवर साठेक ठिपके असे असतात की ते माणसामाणसाला वेगळे. बोटांच्या ठशांसारखे म्हणा. नऊ तारखेची नळी आणि ही नळी एकाच बाईची. आकाइती तुआकाना. ठिपके खोटं बोलत नाहीत."

"नळीवर 'आधी' किंवा 'नंतर' लिहिलं असतं तर एवढा घोळ झाला नसता."

"मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तपासणाऱ्याला जे दिसावंसं वाटतं तेच दिसतं. आम्हाला फक्त तारीख आणि वेळ. संगणक ती रेडिएशनच्या वेळेशी ताडतो आणि मग ठरवतो कुठली आधीची."

"तुम्हाला ही 'नंतरची' ठरली तर हवीच असेल."

ब्रोडीने सँडविच खाली ठेवलं. "हवी म्हणजे काय! तारखेतल्या एका आकड्याचा प्रश्न होता. रविवारी मी इथे एकटाच होतो, पेनही हातात होतं. खोटं कशाला सांगू? पाच मिनिटं विचार केला आणि घरी गेलो."

नायरीने त्याच्याकडे नीट पाहिलं. आंबा लपवलेला माणूस आंब्याचा विषय स्वतः काढत नाही.

"नमुना घेतं कोण?"

"सुई, नळी आणि बर्फाच्या पाकिटाचा संच आम्ही बाईच्या हातातच देतो. रेडिएशननंतर चोवीस तासांच्या आत घराजवळच्या कुठल्याही डॉक्टरकडून नमुना काढून घ्यायचा आणि पाठवायचा. दक्षिण ऑकलंडहून रोज शहरात यायला कुणाला जमणार? फक्त अठ्ठेचाळीस तास ऑकलंड सोडायचं नाही, तेवढं लिहून घेतो. मनगटावर पिवळी पट्टी बांधतो, ती रेडिएशननंतरच्या मंगळवारी इथेच कापतो."

"आणि यंत्र? कुणी आधीच किरण दिले असतील तर?"

"यंत्राची नोंद आपोआप होते. त्या दिवशी तिच्यावर एकदाच, साडेदहाला."

नायरी खालच्या मजल्यावर रेडिएशन विभागात गेली आणि सोळा तारखेची वही मागवली. आकाइती तुआकाना पावणेआठला आली होती. आठ ते नऊ नर्सने तिच्या छातीवर शाईने खुणा आखल्या. आठ दहाला ती बाई इथे, या टेबलावर, हात डोक्यामागे घेऊन निजलेली होती. त्या वेळी तिच्या गाठीत सुई घालणारा डॉक्टर पृथ्वीच्या पाठीवर असूच शकत नव्हता.

३

सर्जन फिलिपा स्ट्रेन दोन ऑपरेशनांच्या मध्ये पाय खुर्चीवर टाकून बसल्या होत्या.

"मला ते करायची हौस आहे असं सगळ्यांना का वाटतं कळत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात कागद आहे. कागद म्हणतो, गाठ आपल्या मनाने बदलते. अशी गाठ मी अर्धवट सोडली आणि दोन वर्षांनी ती बाई माझ्यासमोर आली, तर काय सांगू तिला? की मावशी, नळीवरच्या तारखेबद्दल आम्हाला जरा शंका होती?"

"बाई काय म्हणाली?"

"काही नाही. मला तेच खटकलं. बायका रडतात, भांडतात, दुसऱ्या डॉक्टरचं नाव विचारतात. ही म्हणाली, 'ठीक आहे, माझंच चुकलं होतं.' मी विचारलं काय चुकलं, तर खिडकीबाहेर बघत बसली." फिलिपाबाईंनी पाय खाली घेतले. "उद्या चारपर्यंत मला दुसरं काही दाखवा. पटलं तर बदलते. नाही पटलं तर परवा आठला सुरू करते."

संध्याकाळी बसमध्ये नायरीने सगळं पुन्हा मनात मांडलं. लोसाने नळी हरवून दुसरी उभी केली असती, तर त्याच बाईच्या गाठीचा तुकडा आणला कुठून? ब्रोडीने तारीख बदलली असती, तर सतरा लिहिली असती. खोटी तारीख लिहिणारा आपल्या सोयीची लिहितो. ही तारीख कुणाच्याच सोयीची नव्हती. उलट जो तो तिच्यामुळे गोत्यात आला होता.

म्हणजे ती खरी होती. लिहिणाऱ्याने घड्याळ बघितलं, कॅलेंडर बघितलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं.

आणि तरीही ती खरी असूच शकत नव्हती. नायरीचा थांबा मागे गेला तेव्हा तिला कळलं की ती उतरायला विसरली.

४

बुधवारी सकाळी निघताना लोसाचा फोन आला. "मावशी, नळी ज्या डब्यातून आली तो फेकला नव्हता मी. आइस्क्रीमचा डबा आहे."

"ऑकलंडमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम सोडून सगळं असतं. आणखी काय?"

"सतराच्या संध्याकाळी फुलाफुलांचा शर्ट घातलेला एक माणूस खिडकीवर देऊन गेला. आत आमचं बर्फाचं पाकीट होतं आणि नळीभोवती कापडाच्या चिंध्या. जांभळ्या आणि हिरव्या. नवं कापड आहे."

आकाइती तुआकानाचं घर दक्षिण ऑकलंडमधल्या मांगेरेत होतं. दारात शिंपल्यांच्या माळा, आत शिलाई यंत्र, आणि अळूची पानं नारळाच्या दुधात शिजत असल्याचा वास. सत्तावन्न वर्षांची ही रारोटोंगा बेटावरची बाई, रुंद खांद्यांची, चर्चमधल्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांची पुढारी. तिने कापड कापल्याशिवाय कुणी सुईला हात लावत नसे.

"तुम्ही पण उद्याबद्दल समजवायला आलात का? मला समजलंय सगळं," ती म्हणाली आणि ताट वाढायला लागली.

"मी नळीबद्दल विचारायला आले. दुसरी नळी दिली होती ना तुम्ही?"

"दिली. दवाखान्यातल्या त्या पोरीला फोनवर पण सांगितलं. वेळेवर दिली."

"कधी?"

"रेडिएशन झालं, एक रात्र झोपले, सकाळी उठून दिली."

"म्हणजे शुक्रवारी, सतरा तारखेला."

आकाइतीने अळू वाढलं, चमचा पुसला, मीठ पुढे सरकवलं. "एक रात्र झोपले आणि सकाळी दिली," ती पुन्हा म्हणाली.

बॅगेत काय आहे विचारलं की काही माणसं बॅग किती जुनी आहे ते सांगतात. नायरी जेवत राहिली. अळू इतकं छान झालं होतं की तपास दोन मिनिटं थांबला, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

मग तिने भिंतीकडे पाहिलं. नवा कोरा फोटो, लग्नाचा. नवरा-नवरीच्या खांद्यांभोवती एकच मोठी गोधडी लपेटलेली: जांभळी फुलं, हिरवी पानं.

"मुलगी का?"

"मोएरोआ. धाकटी." बाईचा चेहरा उजळला. "अठराला लग्न झालं, रारोटोंगाला. गोधडी सात महिने शिवली आम्ही."

"आणि आई लग्नाला नाही?"

"मी कशी जाणार? अठ्ठेचाळीस तास हलायचं नाही असं लिहून दिलेलं."

नायरी उठून फोटोजवळ गेली. डाव्या कडेला, चौकटीने कापलेला, कुणाचा तरी हात होता. गोधडीचं टोक नवरीच्या खांद्यावर सावरणारा, जाड बोटांचा हात. मनगटावर पिवळी पट्टी होती.

५

"अगं आकाइती," नायरी हळूच म्हणाली, "तुझा चेहरा चौकटीबाहेर ठेवलास. हात राहिला."

आकाइतीने फोटोकडे पाहिलं. मग ती यंत्राच्या स्टुलावर बसली आणि तोंडावर पदरासारखा आपला मोठा ॲप्रन घेतला.

"पोटची पोर आहे गं," ती आतून म्हणाली. "गोधडी आईने नाही लपेटायची तर कुणी? रेडिएशन पुढे ढकलायला सांगितलं असतं तर पाच आठवड्यांनी नंबर लागला असता. विमानात एकच जागा होती, गुरुवार संध्याकाळची. संच बरोबर नेला. माझी भाची तेरेआपी तिथे डॉक्टर आहे. उतरले, रात्री झोपले, सकाळी तिने सुई घातली. ते लोक म्हणाले होते घराजवळचा डॉक्टर. घर तेच ना माझं? नमुना वेळेवरच दिला, देवाशपथ. पण मी सही करून शब्द मोडला. आणि बघ, देवाने लगेच ज्याचं त्याच्या पदरात टाकलं. मुलीच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, आता..." तिने छातीवर हात ठेवला.

नायरी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसली. बावीस वर्षं तिने ते विमान उतरताना आणि उडताना पाहिलं होतं. एक गोष्ट तिला उमगली, पण तिने स्वतःला आवरलं. आधी खात्री.

"गुरुवारी संध्याकाळी निघालीस. पोचलीस कधी?"

"रात्री दहाला."

"कुठल्या दिवशी?"

"बुधवारी. वाररेषेपलीकडे आहे म्हणून रारोटोंगा एक दिवस मागे असतं, हे काय तुला सांगायला..." आकाइतीने ॲप्रन खाली घेतला.

"एक रात्र झोपलीस. सकाळी उठलीस तेव्हा तिथे वार कोणता?"

"गुरुवार. माझा दुसऱ्यांदा आलेला गुरुवार. आम्ही हसलोसुद्धा त्यावर."

"तारीख?"

"सोळा," आकाइती म्हणाली. तिने कपाळावर हात मारला. "तेरेआपीने तिथली तारीख घातली असणार. दुसरी कुठली घालेल?"

नायरीने तिथल्या तिथे भाचीला फोन लावायला आणि स्पीकर चालू करायला लावला. तेरेआपी वॉर्डात होती, घाईत होती.

"सोळा मार्च, आठ वाजून दहा मिनिटं. माझ्या वहीत आहे. बरोबर पत्र पण दिलं होतं, त्यात दवाखान्याचं नाव, गाव, सगळं. नाही मिळालं? मावशी, नळी कुणाबरोबर पाठवलीस?"

"तुझ्या भावाबरोबर, तूताईबरोबर."

"मग पत्र त्याच्या शर्टाच्या खिशात असेल आणि शर्ट धुऊन निघाला असेल."

"विमानतळावर त्याने जाहीर केलं होतं ना?" नायरीला राहवलं नाही.

"अगं, केलं की. प्रवाशांच्या कार्डावर लिहिलं, 'मावशीचा तुकडा, अंदाजे तांदळाएवढा'. तपासणारा बराच वेळ वाचत बसला म्हणे. पत्र दाखवलं तेव्हा सोडलं," आकाइती म्हणाली.

नायरीने डोळे मिटून घेतले. निवृत्त झालो ते बरं झालं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तिने मग कागदावर हिशेब मांडला आणि आकाइतीकडे वळवला. रारोटोंगाला गुरुवारी सकाळी आठ दहा झाले, तेव्हा तेवीस तास पुढे असलेल्या ऑकलंडला शुक्रवार उजाडून सात दहा झाले होते. रेडिएशन होऊन एकवीस तास व्हायला वीस मिनिटं कमी. ठरलेल्या मुदतीत, चोख.

"म्हणजे मी तारखेने घोळ घातला," आकाइती पडेल आवाजात म्हणाली.

"घोळ तू नाही घातलास, त्या चिठ्ठीने घातला. तिच्यावर तारखेचा रकाना आहे, वेळेचा आहे, गावाचा नाही. या शहरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे की रारोटोंगा कालच्यात राहतं. पण तू तिथे गेलीस हेच कुणाला माहीत नव्हतं, तर आठवणार कुणाला?"

"पण चिमटे हलले म्हणतात ना ते?"

"हलले. रेडिएशनच्या आधी नाही गं बाई. नंतर. गाठीने मार खाल्लाय."

६

फिलिपा स्ट्रेन यांनी तो कागद दोनदा वाचला. मग स्वतः रारोटोंगाला फोन केला, तेरेआपीकडून वहीच्या पानाचा फोटो मागवला आणि ब्रोडीला संगणकात ती नळी शुक्रवारच्या सात दहावर ठेवून आकडे पुन्हा काढायला लावले. तोवर साडेतीन वाजले होते. लोसा दारात उभी होती, आत यायचं धाडस होत नव्हतं.

"एकोणचाळीस जोड्यांपेक्षा ही चाळिसावी जास्त स्वच्छ आहे," ब्रोडी म्हणाला. "किरणांनी जिथे चिमटे गळायला हवेत तिथे गळलेत, जिथे लागायला हवेत तिथे लागलेत."

"मुदत?"

"आत."

"शब्द मोडला त्याचं काय?" फिलिपाबाईंनी नायरीला विचारलं.

"माझ्या अहवालात लिहीन. तुमचा नियम मोडला, तुमचा नमुना नाही. आणि पुढच्या वेळी लिहून घेण्याआधी बाईला विचारा, घरी काही कार्य आहे का. या लोकांत ते नसतं असा महिना नसतो."

सर्जनबाईंनी उद्याच्या यादीवरची एक ओळ खोडली, वर दुसरी लिहिली: नुसती गाठ. वेळ पाऊण तास. लोसाने ते वाचलं आणि ती दाराच्या चौकटीला टेकून रडायला लागली. ब्रोडीला काय करावं कळेना. त्याने आपलं सँडविच तिला दिलं आणि तिने ते रडत रडत खाल्लं.

ही बातमी फोनवर सांगायची नाही, असं नायरीने ठरवलं. पाच वाजता ती पुन्हा मांगेरेला पोचली. आकाइतीने उद्यासाठी पिशवी भरून ठेवली होती: बायबल, चप्पल, विणकाम. ती उभीच राहिली.

"गाठ काढतील," नायरी म्हणाली. "लिंबाएवढी सुद्धा नाही. बाकी सगळं जागच्या जागी. दुपारनंतर घरी."

आकाइतीने पिशवी बाजूला सारली. तिने दोन्ही हात छातीवर धरले, घट्ट, बराच वेळ. मग हसू आलं, ते खांद्यांपासून सुरू होऊन सगळ्या अंगात गेलं, आणि नायरीलाही आवरेना. दोन जाड बायका शिलाई यंत्राला धरून हसत होत्या.

"मला वाटलं, शिक्षा झाली," आकाइती डोळे पुसत म्हणाली.

"देवाला तुझ्या विमानाच्या तिकिटाकडे बघायला एवढा वेळ नसेल."

"मोएरोआला यातलं काहीच माहीत नाही, नायरी. लग्नात विघ्न नको म्हणून एक अक्षर बोलले नाही. पिवळी पट्टी कसली विचारलं, तर ब्लड प्रेशरची म्हणाले. आज सकाळपर्यंत ठरवत होते, पोरीला हे सांगायचं कसं. आई आपली अर्धी होऊन आली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं."

तिने फोन उचलला, नंबर लावला आणि उभ्याउभ्याच बोलायला लागली.

"मोएरोआ? अगं, जेवताय का? जेवून घ्या, मग ऐक. नाही, आत्ताच ऐक. तुला एक मोठी गोष्ट सांगायची आहे, फेब्रुवारीपासूनची. मध्येच रडायचं नाही. म्हणून शेवट आधी सांगते. तुझी आई आहे तशी आहे, सगळीच्या सगळी."

नायरी स्वयंपाकघरात गेली. अळू उरलं होतं, ते तिने गॅसवर गरम करायला ठेवलं. फोन चांगला तासभर चालणार होता.